सपाटीवर गार, घाटात गरम

मॅगझिन कमिटीने माझ्याकडे कविता मागितली होती. मुली कविता लिहितातच, असं आमच्या संपादकांचं मत आहे. मला कविता येत नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी मी दहावीपर्यंत मार्कांपुरतं केलं, त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ कमिटीने बघून घ्यावेत. कवितेऐवजी मी एका ट्रेलरबद्दल लिहिते आहे. ट्रेलर माझ्या मामाचा आहे, २००८ सालचा, सहा सिलिंडरचा टर्बो डिझेल. आणि दोन वर्षं तो घाटात पाणी फेकत होता.

'पाणी फेकणे' हा शब्द आपल्या पुस्तकात नाही. पुस्तकात 'इंजिन ओव्हरहीटिंग' असतं आणि त्याखाली कारणांची यादी असते. ती यादी मला पाठ होती. पाचव्या सेमिस्टरला त्यावर मला सहापैकी पाच मार्क मिळाले आहेत. त्या पाच मार्कांचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला, ते पुढे येईलच.

मामा कळंबोलीला राहतो. तिथल्या स्टील मार्केटमधून कॉइल भरून चाकणला नेणं हे त्याचं मुख्य काम. म्हणजे भरलेली गाडी बोरघाट चढते आणि रिकामी गाडी उतरते. मित्र-मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट चढण्यात आहे. गाडी एकच, मालक आणि ड्रायव्हर दोन्ही मामाच. माझ्या पहिल्या वर्षाची फी याच गाडीच्या भाड्यातून गेली, त्यामुळे गाडी उभी राहिली की आमच्या घरात सगळ्यांचा आवाज खाली येतो.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गाडी गरम झाली ती खोपोलीच्या पुढे. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने तासाभरात चालू करून दिली, पाचशे रुपये घेतले. त्यानंतर काही महिने बरे गेले. मग उन्हाळा आला आणि घाटात काटा लाल पट्ट्यात जायला लागला. मामाने रेडिएटर उतरवून रॉड मारून घेतला, म्हणजे नळ्यांमधून सळई फिरवून साफ केला. नंतर वॉटर पंप बदलला. नंतर फॅन बेल्ट. प्रत्येक वेळी खर्च, प्रत्येक वेळी 'आता नाही होणार', आणि प्रत्येक वेळी पुन्हा झालं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मामा मामीला सांगत होता की भंगारात काय भाव येईल ते बघून आलोय.

आधी थोडं गणित करू, म्हणजे हा राक्षस किती मोठा आहे ते कळेल. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर आहे, लोणावळा ६२० च्या आसपास. चढ धरा ५५० मीटर. गाडी मालासकट ३५ टन. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची केलं की १९० मेगाज्यूल येतात. हे फक्त वर उचलण्याचं काम, टायरचं घर्षण वगैरे सोडून. जुनं डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला लावतं. म्हणजे जळलेलं डिझेल ५७० मेगाज्यूलचं, जवळजवळ १६ लिटर. त्यातला ढोबळमानाने एक चतुर्थांश भाग पाण्यात जातो, बाकीचा सायलेन्सरमधून. म्हणजे पाण्यात १४० मेगाज्यूल. मामाला हा चढ चढायला चाळीस मिनिटं लागतात. भागाकार करा, ६० किलोवॅटच्या जवळ येतं.

आपल्या लेडीज हॉस्टेलचा गिझर दोन किलोवॅटचा आहे. म्हणजे तीस गिझर एकाच वेळी चालू, चाळीस मिनिटं, आणि ती सगळी उष्णता ड्रायव्हरच्या पायाखालच्या एका जाळीतून बाहेर काढायची. (आमच्या मजल्यावर दोन गिझर आहेत आणि सहा वाजता नळाला कोमट पाणी येतं, तो विषय वेगळ्या लेखाचा.) सपाटीवर रिकामी गाडी चालते तेव्हा यातला छोटासा भाग लागतो. म्हणून कूलिंग सिस्टीम अर्धी आजारी असली तरी सपाटीवर कळत नाही. घाट ही तिची खरी परीक्षा.

कळंबोलीला मामा ज्या मिस्त्रींकडे गाडी लावतो त्यांना सगळे चाचा म्हणतात. साठीच्या पुढचे आहेत. मी त्यांना यादी ऐकवली: थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर, फॅन, कॅप, हेड गॅसकेट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "बेटा, वो सब ठीक है. गाडी गरम कधी होते?"

मला तेव्हा हा प्रश्न साधा वाटला. आता वाटतं की निदानाचं निम्मं काम यातच आहे. गाडी उभी असताना, न्यूट्रलवर गरम होत असेल तर आधी हवा बघायची. पंखा हवा ओढतोय का, पंख्याभोवतीचं श्राउड जागेवर आहे का, बेल्ट घसरतोय का, कारण उभ्या गाडीला वाऱ्याची मदत नसते. हायवेला वेगात गरम होत असेल तर पाणी बघायचं. रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या आहेत का, खालचा होज पाईप चपटा होतोय का. खालचा होज पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो, जुना होऊन मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली की रेस दिल्यावर तो आत पिचकतो आणि उभ्या गाडीत अगदी शहाण्यासारखा दिसतो. आणि थंड गाडी चालू केल्यावर लगेच, पाणी गरम व्हायच्या आतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर पाण्यात कुठून तरी दाब शिरतोय.

याच्याही आधी एक प्रश्न आहे, की गाडी खरंच गरम होतेय की काटा खोटं बोलतोय? जुन्या गाडीत अर्थिंग खराब असेल तर हेडलाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटा वर सरकतो. पण मामाची गाडी पाणी फेकत होती, तेव्हा काट्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता.

चाचांनी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि गाडी चालू करायला सांगितली. पाण्यात बुडबुडे आले. एक-दोन नाही, एकसारखी माळ. चाचांनी मान हलवली. "हेड गॅसकेट. हेड उतरवावं लागेल." गॅसकेट फाटलं की सिलिंडरमधला जळालेला गॅस पाण्यात घुसतो, हे मलाही माहीत होतं. हेड उतरवणं, फेसिंग करणं, गॅसकेट सेट, मजुरी, सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत होणार नव्हतं, आणि ब्लॉकला तडा निघाला तर तो खर्च वेगळा. मामा काही बोलला नाही. खाली बसून उगाच टायरला अडकलेले खडे काढत राहिला.

ऑइलची डिपस्टिक स्वच्छ होती. पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं, तसं काही नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. म्हणून चाचा म्हणाले, एकदा अजून बघू. मी केबिनमध्ये बसून रेस देत होते, मामाचा क्लीनर, एकोणीस वर्षांचा मुलगा, रेडिएटरच्या तोंडाशी उभा होता. गाडी रात्रभर उभी असल्यामुळे ब्रेकची हवा उतरलेली होती आणि एअर प्रेशरचा काटा हळूहळू वर चढत होता. तो आठच्या आसपास पोचला, नेहमीसारखा 'फुस्स' आवाज झाला, आणि त्याच क्षणी खालून क्लीनर ओरडला, "बंद झाले!"

बुडबुडे बंद झाले होते.

चाचांनी मला ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. हवा उतरली, कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरायला घेतली, बुडबुडे परत आले. पुन्हा आठवर 'फुस्स', पुन्हा बंद. चाचांनी कपाळावर हात मारला आणि हसले. "हेड नही, कॉम्प्रेसर!"

ही गोष्ट मी कुठल्याही व्हायव्हात ऐकलेली नव्हती, म्हणून नीट लिहिते. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरायला इंजिनला जोडलेला एक छोटा कॉम्प्रेसर असतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याचं डोकं इंजिनच्याच पाण्याने थंड केलं जातं. त्याचं छोटं गॅसकेट गेलं की दाबाची हवा इंजिनच्या पाण्यात शिरते. बुडबुडे अगदी तसेच दिसतात. टाकी भरली की कॉम्प्रेसर भारमुक्त होतो, म्हणून तेव्हा ते थांबतात. सिलिंडरमधून येणारा गॅस थोडाच हवेच्या टाकीची वाट बघणार? इंजिन चालू आहे तोवर तो येतच राहणार. कारमध्ये ही भानगड नसते आणि आपली पुस्तकं कार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. कॉम्प्रेसरचं काम साडेचार हजारांत झालं. सव्वा लाखाच्या जागी साडेचार हजार. मामीने त्या दिवशी बासुंदी केली आणि मी हॉस्टेलला परत येऊन रूममेटला ही गोष्ट किमान तीन वेळा सांगितली.

मग फेब्रुवारी आला. एका दुपारी मामाचा फोन. "गाडीने पुन्हा फेकलं गं." खंडाळ्याच्या अलीकडे, भर चढात. कॉइल उशिरा पोचली, भाड्यातून पैसे कापले गेले. आणि घाईत क्लीनरने हाताला फडकं गुंडाळून गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं. दंडापर्यंत फोड आले. त्या मुलाला मीच सांगितलं होतं की आता गाडीला काही होणार नाही.

या झाकणाबद्दल सगळ्यांनी वाचावं, गाडी कुठलीही असो. झाकण हे नुसतं बूच नसतं, त्यात स्प्रिंग असते आणि ती आत दाब धरून ठेवते. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.७ बारचं झाकण असेल तर तेच पाणी ११४-११५ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत १०५ अंशांचं, अजून न उकळलेलं पाणी बसलेलं असतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब जातो आणि त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होऊन तुमच्या अंगावर येतं. फडक्याने काही होत नाही. गाडी गरम झाली आणि पाणी अजून आत असेल तर बाजूला घेऊन न्यूट्रलवर थोडी रेस ठेवायची, पंखा आणि पंप चालू राहतात. पाणी गेलेलं असेल तर बंद करायची आणि वाट बघायची, वरचा होज हाताने दाबता येईपर्यंत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

मी पुढच्या शनिवारी कळंबोलीला गेले. चाचांच्या डोक्यात पुन्हा हेडच होतं. पण झाकण काढून बघितलं, बुडबुडे नव्हते. यावेळी मी आणि क्लीनरने (उजवा हात पट्टीत, डाव्या हाताने) समोरचं ग्रिल काढलं. टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो. पुढून इंटरकूलर लख्ख दिसत होता, कारण मामा तो रोज धुतो. पण इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरी लावून बघितलं तर धूळ, ऑइल, किडे आणि कसल्याशा काथ्याची गोधडी जमली होती. पुढून पाणी मारलं की घाण त्या फटीत आणखी घट्ट बसते. इंटरकूलर सैल करून मागून, म्हणजे इंजिनच्या बाजूने हवा मारली, तेव्हा अर्धी बादली कचरा निघाला.

या वेळी मी 'झालं' म्हटलं नाही. बरंच झालं, कारण फरक पडला तरी थोडाच. घाटात काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे थांबायचा, पण थांबायचा अगदी तोंडाशी, आणि उन्हाळा अजून पुढे होता.

मी आमच्या हीट ट्रान्सफरच्या सरांना सगळं सांगितलं. सरांनी कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "रेडिएटरच्या आत जाणारं पाणी किती तापमानाचं आणि बाहेर येणारं किती?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग तुम्ही दोन वर्षं कशावरून पार्ट बदलताय?" सरांनी लॅबमधले दोन मल्टिमीटर दिले, ज्यांना तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल लागतं असे, आणि चार मीटर वायर.

आधी मी दुकानातली बंदुकीसारखी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरून बघितली होती. ती चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावली की आकडा सुधारतो. पण मुख्य अडचण ही की गाडी तापते ती चढताना, आणि चालत्या गाडीच्या ग्रिलसमोर बंदूक घेऊन कोण उभं राहणार? थर्मोकपलचं बरं असतं. एक टोक रेडिएटरच्या वरच्या नळीला, एक खालच्या नळीला, वर चिंध्या गुंडाळून पट्टी, आणि वायर केबिनमध्ये. एप्रिलमध्ये, बाहेर ३८ अंश असताना, मी दोन मल्टिमीटर मांडीवर घेऊन मामाशेजारी बसले आणि खोपोली सोडली.

पहिली गंमत सपाटीवरच झाली. पनवेल ते खोपोली वरचा आकडा ६८ च्या वर गेलाच नाही. मामा अभिमानाने म्हणाला, "बघ, दोन वर्षांत सपाटीला काटा कधी वर येत नाही. थंडगार चालते." मी हे वाक्य दिवाळीतही ऐकलं होतं आणि रेडिएटर चांगला आहे असा त्याचा अर्थ लावला होता.

चढ सुरू झाल्यावर आकडे पळायला लागले. ८०, ९०, ९८. मामा चौथ्या गिअरमध्ये होता, आरपीएम बाराशेच्या आसपास, इंजिन घुमत होतं. डिझेल वाचवायची त्याची सवय. मी त्याला तिसरा टाकायला सांगितलं, कारण पंखा आणि पंप दोन्ही इंजिनच्या वेगावर चालतात. कमी आरपीएमला जोर तेवढाच लावला तर उष्णता तेवढीच, पण पाणी आणि हवा दोन्ही कमी. तो थोडा कुरकुरला. (मामाला गाडी शिकवणारी मी घरातली पहिलीच.) १०३ वर गेलेला आकडा ९९ वर आला आणि तिथे टिकला.

वर ९९. आणि खाली? खाली ७४.

मी आधी वायर सुटली असं समजले. ७४ म्हणजे पंचवीस अंशांचा फरक. रेडिएटर पाण्याला पंचवीस अंश थंड करतोय! इतकं चांगलं काम करणारा रेडिएटर असताना इंजिन का तापतंय? मग वहीत साठ किलोवॅटचं गणित पुन्हा मांडलं. उष्णता म्हणजे पाण्याचा प्रवाह गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. सुदृढ गाडीत हा फरक सात-आठ अंश असावा, म्हणजे मिनिटाला साधारण १२० लिटर पाणी रेडिएटरमधून फिरतं. पंचवीस अंशांचा फरक म्हणजे मिनिटाला फक्त ३४ लिटर. पाणी रेडिएटरमध्ये रमतगमत जात होतं, म्हणून भरपूर थंड होऊन बाहेर येत होतं. पण येत होतं फारच थोडं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. इंजिन गरम आणि रेडिएटरवरचा फरक छोटा, तर दोष हवेच्या बाजूला: पंखा, कचरा, श्राउड. इंजिन गरम आणि फरक मोठा, तर दोष पाण्याच्या बाजूला. दोन आकड्यांनी निम्मी यादी कटते.

पाण्याच्या बाजूला काय उरलं? पंप नवा. रेडिएटर रॉड मारलेला. खालचा होज मी रेस देऊन स्वतः बघितला होता, पिचकत नव्हता. मग उरलेले ८६ लिटर जातात कुठे? घाटमाथ्यावर गाडी उभी करून मी टॉर्च घेऊन बघत बसले. थर्मोस्टॅटच्या डब्यापासून थेट पंपाकडे जाणारा एक आखूड होज होता, त्याला बायपास म्हणतात. त्यावर थर्मोकपल लावलं. ९८. इंजिन एवढं गरम असताना त्यातून पाणी वाहायलाच नको होतं.

थर्मोस्टॅट म्हणजे तिठ्यावरचा हवालदार समजा. इंजिन थंड असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि पाणी बायपासच्या गल्लीतून परत इंजिनात पाठवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८३ अंशांना तो रेडिएटरचा रस्ता उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. अर्धं विसरलं जातं ते असं की बऱ्याच डिझेल इंजिनांत तो उघडताना त्याची खालची चकती बायपासची गल्ली बंद करते. आता हवालदारच काढून टाकला तर? दोन्ही रस्ते कायम उघडे. पाणी रिक्षावाल्यासारखं जवळची गल्ली धरतं. इंजिनमधून निघालं ते थंड न होताच इंजिनात.

सपाटीवर थोडी उष्णता असते, तेव्हा रेडिएटरकडे जाणारं थोडं पाणीही जास्तच होतं, म्हणून ६८ अंश आणि मामाचा अभिमान. तेही चांगलं नव्हे, गार इंजिन डिझेल जास्त खातं आणि मामाचं ॲव्हरेज दोन वर्षं पडलेलंच होतं. घाटात मात्र ती पळवाट महागात पडते. आकडे तपासून बघा: ७४ अंशांचे ३४ लिटर आणि ९९ अंशांचे ८६ लिटर एकत्र झाले की ९२ अंश येतात. म्हणजे इंजिनमध्ये शिरणारं पाणीच ९२ चं, बाहेर पडणारं ९९ चं.

कळंबोलीला परत येऊन चाचांनी डब्याचे बोल्ट खोलले. आत थर्मोस्टॅट नव्हता. गॅसकेट होतं, आणि मोकळी जागा. चाचा म्हणाले, काढून टाकतात लोक, गरम देशात काय गरज. हे मी इतक्या गॅरेजमध्ये ऐकलं आहे की लिहायलाच हवं. ज्या इंजिनात बायपास असा आहे, तिथे थर्मोस्टॅट काढणं म्हणजे गाडी गार करणं नव्हे. मामाने थोडा वेळ विचार केला, मग टूलबॉक्समधून चिंधीत गुंडाळलेली पितळी वस्तू काढली. "हा का? खोपोलीच्या त्या पोराने काढून हातात दिला होता. मी म्हटलं, स्पेअर असेल."

मामीचं चहाचं मोठं पातेलं घेतलं. त्यात जुना आणि नवा दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगले, तळाला टेकू न देता, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. थर्मामीटर लावला, गॅस मोठा केला. ८३ ला नव्याने डोळा किलकिला केला, ९५ ला पूर्ण उघडला. जुना पाणी खळखळून उकळलं तरी ढिम्म. म्हणजे खोपोलीच्या त्या मुलाचं निदान अर्धं बरोबर होतं. थर्मोस्टॅट बंदच अडकलेला होता, तो काढल्याबरोबर गाडी चालू झाली हे खरं. नवा बसवायचा राहिला, आणि तिथून पुढे पंप, बेल्ट, रॉडिंग असं सगळं मामाच्या खिशातून गेलं. कॉम्प्रेसर आणि गोधडी हे दोन वेगळे आजार त्याच काळात त्यात मिसळले. मी पहिला सापडला तिथेच थांबले होते.

नवा बसवताना त्याच्या कडेचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे भरताना अडकलेली हवा निघून जाते. बोअरचं खारं पाणी काढून टाकलं, कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं-निम्मं भरलं. खाऱ्या पाण्याचा आतून जो पांढरा थर बसतो त्यातून उष्णता लोखंडाच्या कित्येक पट कमी जाते, आणि चाचांनी तर त्या डब्यातून नखाने तो थर उकरून दाखवला.

पुढच्या खेपेला मी परीक्षेमुळे जाऊ शकले नाही. क्लीनरला मल्टिमीटर कसा वाचायचा ते शिकवून ठेवलं होतं. त्याचा हात आता बरा आहे, डाग राहिला आहे. दुपारी अडीचला, मेसमध्ये जेवत असताना, त्याचा फोन आला. मागून इंजिनचा आवाज, आणि तो ओरडून सांगतोय, "ताई, वर ब्याण्णव, खाली चौऱ्याऐंशी! खंडाळा आला!" फरक आठ. मी हातातल्या पोळीने टेबलावर भागाकार केला, मिनिटाला १०७ लिटर. सपाटीला काटा आता ८५ वर असतो, आणि मामाला तो इतका वर बघवत नाही, पहिले चार दिवस रोज फोन करून विचारायचा.

दोन्ही मल्टिमीटर अजून गाडीतच आहेत, कारण क्लीनर ते काढू देत नाही. सर, हे तुम्ही वाचत असाल तर, सबमिशनच्या आधी आणून देते.